गादीवरची घोंगडी

“खळ कोमट असतानाच लाव गं नागू. गार झाली की लोकर ती पीत न्हाई.”

मी ऐकलेला पहिला आवाज हा. बसव्वाचा. ती चुलीपाशी बसून चिंचोक्याची खळ ढवळत होती आणि तिची नवी सून नागूबाई हातात कुंचा घेऊन माझ्यासमोर उभी होती. मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड, कडेला पांढऱ्या लोकरीची एक बारीक रेघ असलेली. आता माझा काळा रंग विटून तांबूस झाला आहे. एक कोपरा कसरीने खाल्ला आहे. अंगाला आंबाडीच्या दोरांचा आणि उदबत्तीचा वास लागला आहे, तो उन्हात टाकूनही जात नाही. थकले आहे मी. पण तुम्ही ऐकणार असाल तर सांगते.

माझा जन्म औरादजवळच्या ठाणाकुशनूरचा. बसव्वाचे घर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांचे. पण चराईची राने एकेक करून नांगराखाली गेली आणि मेंढरे विकायची वेळ आली. विकण्याआधी शेवटची कातरणी झाली, ती लोकर बसव्वाने बाजारात जाऊ दिली नाही. तिने ती स्वतः पिंजली, स्वतः तिचे सूत काढले. सूत काढताना ती बोलत नसे, फक्त ओठ हलत. मैलाराचे, म्हणजे खंडोबाचे, नाव घेत असावी. तिचा मुलगा इरप्पा याने खड्ड्याच्या मागावर बसून मला विणले, आणि नागूबाईने खळ दिली. तेव्हा अंगाला जो ताठा आला तो पुढे बरीच वर्षे टिकला. एका घराच्या तीन माणसांचे हात माझ्या अंगावर आहेत. असे भाग्य आजकालच्या पांघरुणांना मिळत नाही. हे मी अभिमानाने म्हणत नाही, सहज आठवले म्हणून सांगितले.

मेंढरे गेल्यावर इरप्पाने औरादला दुकान घातले. बैलांना बांधायची दावी, कासरे, गळ्यातल्या घुंगरमाळा, शिंगांचे गोंडे, आणि वर बांबूवर टांगलेल्या घोंगड्या. दुकान उघडले त्या दिवशी बसव्वा मला घेऊन आली. गादीवर मला अंथरले, वर मैलाराचा भंडारा टाकला आणि मुलाला म्हणाली, “इरप्पा, हिच्यावर चपला घालून चढायचं न्हाई, आन् हिच्यावर बसून खोटं बोलायचं न्हाई. बाकी धंदा तुझा तू बघ.”

मित्रांनो, हे तिने मनचे सांगितले नव्हते. त्यांच्या मेंढपाळ लोकांत सोयरीक ठरवायची, भावाभावांचे भांडण मिटवायचे, तर घोंगडी अंथरून बसतात. तिच्यावर बसून बोललेले खरे धरतात. म्हणून इरप्पाने मान डोलावली.

थोड्या वेळाने समोरचे कापडवाले अंकुशराव नारळ घेऊन आले. वयाने मोठे, बाजारात मुरलेले. त्यांनीही आपला एक नियम देऊन टाकला.

“हे बघ इरप्पा, गादीवर बसून ‘न्हाई’ म्हणायचं नसतं. माल संपला तर ‘येतोय’ म्हणायचं. कुणी इचारलं कसं चाललंय, तर म्हणायचं ‘बरं हाय’. लक्ष्मीचे कान लई तिखट असतेत.”

“आन् चालत नसलं तर, आप्पा?”

“मग तर हसून म्हणायचं, ‘लई बरं हाय’.”

इरप्पा हसला. त्यालाही त्याने मान डोलावली. तेव्हा धंदा खरोखरच चांगला चालायचा, त्यामुळे आईचा नियम आणि बाजाराचा नियम एकाच गादीवर सुखाने नांदले.

ती वर्षे माझी कौतुकाची. पोळा जवळ आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसे. कुणी उदगीरकडून आलेला, कुणी तेलुगू बोलणारा, कुणी कन्नड. एकाच घासाघिशीत तीन भाषा चालत आणि सौदा चौथ्या भाषेत, म्हणजे हाताने, ठरे. म्हाताऱ्या बाया टांगलेल्या घोंगड्या सोडून माझीच कड चाचपायच्या. “आशीच दाखव की रे, हिच्यासारखी.” इरप्पा म्हणायचा, “आक्का, हिच्यासारखी दुसरी न्हाई, ही माझ्या मायच्या हातची हाय.” ‘न्हाई’ म्हटले म्हणून समोरून अंकुशराव डोळे वटारायचे. संध्याकाळी नागूबाई यायची. तिचा नेम होता, सकाळी पिंपळाला पाणी आणि तिन्हीसांजेला दुकानात दिवा. दिवा लागेपर्यंत ती घोटभर पाणीही घेत नसे. दिवा लावून ती माझ्या कडेवर हात टेकायची, तो कपाळाला लावायची आणि घरी जायची. बोलायची कमी. बसव्वा वारली त्या वर्षीही तिने हा नेम मोडला नाही.

मग दिवस हळूहळू बदलले. इतके हळू, की अमुक दिवशी बदलले असे मला सांगता येणार नाही. नायलॉनचे दोर आले, निळे आणि पिवळे, पावसात न कुजणारे. वाघाचे चित्र असलेली मऊ ब्लँकेटे रस्त्यावर ढिगाने विकायला बसली. मग शेतात ट्रॅक्टर फिरू लागले. मग गावांतली तरणी माणसे हैदराबादला, पुण्याला जाऊ लागली आणि त्यांच्यामागे गोठ्यातले बैल बाजारात गेले. एका पोळ्याला एक म्हातारा दुकानात आला, पिशवीतून घुंगरमाळ काढली आणि इरप्पाला म्हणाला, “तूच दिलता. आता ठिव तुझ्याकडंच. बांधायला जनावर न्हाई.” इरप्पाने ती घेतली.

त्याच सुमारास मन्नाएखेळ्ळीचे एक पाहुणे आले. माझ्यावर बसले, पाणी प्यायले, आणि रीतीप्रमाणे म्हणाले, “मग, कसं चाललंय दुकान?”

इरप्पाने ‘बरं हाय’ म्हणायला तोंड उघडले. त्याचा तळहात माझ्यावर टेकलेला होता. तो मला जाणवला, घामाने ओला झाला. त्याने तोंड मिटले, खोकला आल्यासारखे केले आणि चहा सांगायला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणली. गादी गुंडाळून ठेवली. माझी घडी केली आणि दोरांच्या फळीवर टाकली. मला वाटले, मी जुनी झाले, आता नकोशी झाले. सगळ्याच जुन्या वस्तूंना असे वाटते. पण त्याच दुपारी कुणीतरी विचारले आणि खुर्चीवरून इरप्पाचा आवाज आला, मोकळा, हसरा, “बरं हाय की.” तेव्हा मला कळले. त्याला माझा कंटाळा नव्हता आला. त्याला माझ्यावर बसून खोटे बोलायचे नव्हते. आईचा शब्द मोडायचा नाही म्हणून बिचाऱ्याने मलाच उचलून ठेवले, आणि आपण शब्द पाळला असे त्याला मनापासून वाटत होते.

फळीवर मी बरीच वर्षे काढली. धूळ बसली. कोपऱ्याला कसर लागली. तिथून मला दोन्ही दुकाने दिसायची, आमचे आणि शेजारच्या व्यंकटचे. व्यंकट टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचा आणि कॅसेटी विकायचा. गमत्या माणूस. दोघे रोज मधल्या पायरीवर चहा प्यायचे.

“व्यंकट, सकाळधरून एकच गाणं वाजवायलास. दुसरी कॅसेट न्हाई व्हय?”

“हाय की. पण गिऱ्हाइकं हेच मागायलेत.”

“कुठं हायेत गिऱ्हाइकं?”

“तुझ्याच दुकानात पाठवलो. बसलेत की मागं, दिसंनात व्हय तुला?”

दोघे पोट धरून हसायचे. दोन्ही दुकाने रिकामी असायची. लोक आता मोबाईलवर गाणी ऐकू लागले होते. चहा संपला की इरप्पा विचारायचा, “बाकी?” व्यंकट म्हणायचा, “फस्ट क्लास. तुझं?” “बरं हाय.” मग दोघे आपापल्या जागी जाऊन रस्त्याकडे बघत बसायचे. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन माणसे एकच काळजी करत होती. मधली भिंत वीटभर जाडीची होती.

एके दिवशी व्यंकटचे दुकान उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हैदराबादला लग्नाला गेला असेल, असे लोक म्हणाले. मग दुपारी एक जीपवाला इरप्पाकडे आला. हा हैदराबादला माणसे न्यायचा, कुणाला बांधकामावर, कुणाला फाटकावर राखणीला.

“तुमचं पक्कं करतो मग. सोमवारी सकाळी. घरी काय सांगितलाव?”

“माल आणाया जातो म्हणून सांगणार हाय. एकदा तिथं रुळलो की मग सांगंन.”

“सगळे आसंच सांगतेत,” जीपवाला म्हणाला. “तुमचा शेजारी बी. त्याला परवाच सोडून आलो, मोठ्या इमारतीच्या फाटकावर हाय. कुणाला बोलू नका म्हणलाय.”

इरप्पाने फक्त मान हलवली. मी फळीवरून ऐकत होते. मित्रांनो, घोंगडीला हाक मारता येत नाही. नाहीतर मारली असती.

त्याच आठवड्यात व्यंकटची बायको विजयश्री आली. दारातच उभी राहिली. पदर घट्ट धरलेला.

“अण्णा, ह्यांनी तुमाला काय बोलले होते का?”

“कशाचं?”

“कशाचं बी. मला म्हणले, टेपचे सामान आणाया जातो, सांजच्याला येतो. रोज तर तुमच्यासंगं च्या प्यायचे. मला वाटलं, बाईमाणसाला न्हाई सांगितलं तरी तुमाला तर सांगितलं आसंल.”

इरप्पाला ठाऊक होते. पण व्यंकटचे सांगितले, तर त्याचे स्वतःचे सोमवारचे जाणे उघडे पडले असते. लाल खुर्चीवर तो किंचित मागे सरकला.

“न्हाई वैनी. मला काय म्हायती न्हाई. येईल की. जाईल कुठं.”

ती म्हणाली, “बरं हाय,” आणि गेली. तिनेही तेच दोन शब्द म्हटले. त्या दिवशी इरप्पाने डबा उघडला नाही.

रविवारी अमावास्या होती. तिन्हीसांजेला नागूबाई दिवा घेऊन आली. दिवा लावला, हात जोडले. नेमाप्रमाणे मग गादीकडे वळली, तर तिथे खुर्ची. गेली कित्येक वर्षे ती वळायची, खुर्ची बघायची आणि काही न बोलता फळीकडे एकदा हात जोडून निघून जायची. त्या दिवशी तिने खुर्ची उचलून बाहेर ठेवली. गादी सोडली. टाचा उंचावून मला खाली ओढले. धूळ उडाली, तिला ठसका लागला. कसरीने खाल्लेला कोपरा तिने बोटांनी चाचपला आणि तो आत दुमडून मला अंथरले.

“बसा,” ती म्हणाली.

“खुर्ची बरी हाय. माझे गुडघे दुखतेत.”

“थोडा येळ दुखू द्या. बसा.”

इरप्पा बसला. चपला काढायला विसरला होता, तिने नुसते त्याच्या पायांकडे पाहिले, तशा त्याने काढल्या. तीही माझ्या कडेवर टेकली.

“उद्या माल आणाया जायलाव म्हणे.”

त्याचा तळहात पुन्हा माझ्यावर होता. बाहेर एक टेम्पो गेला. मग दुसरा गेला.

“न्हाई,” तो म्हणाला. एवढाच शब्द. मग जणू त्या शब्दाने वाट केली आणि मागचे सगळे आले. दुकान कधीपासून चालत नाही ते. जीपवाल्याचे. फाटकावरच्या राखणीचे. व्यंकट कुठे आहे ते, आणि आपण विजयश्रीला काय सांगितले ते. तो जोराने बोलत नव्हता. थकलेला माणूस ओझे खाली ठेवतो तसे, एकेक.

“मला वाटलं तुला कळलं तर तू खचशील.”

“मला म्हायतीच होतं,” नागूबाई म्हणाली.

“कोण सांगितलं?”

“तुमचे सदरे. पूर्वी धुवायला टाकले की आंबाडीचे तूस निघायचे, पाणी काळं व्हायचं. आता सदरा जसा घालून जाता तसाच येतो. दुकानात दिवसभर माणूस काय शिवतच नसंल तर दुसरं काय आसणार?”

“मग बोललीस कामून न्हाई?”

“तुमी ‘बरं हाय’ म्हणायलाव. मी बी म्हणलं, ह्यांना तेवढंच बरं वाटायलंय तर ऱ्हाऊ दे.” तिने माझी दुमडलेली कड सारखी केली. “दोघांचं बी चुकलं.”

इतक्यात समोरून अंकुशराव आले. अमावास्येचा दिवा लागला की प्रसादाचे खोबरे घ्यायला ते यायचेच. गादी अंथरलेली बघून चकित झाले.

“आज लई दिवसांनी घोंगडी? कसं चाललंय मग, इरप्पा?”

इरप्पाने नागूबाईकडे पाहिले. “चालत न्हाई, आप्पा.”

अंकुशरावांनी दचकून दिव्याकडे पाहिले. “आरं हळू. अमावास्येच्या दिव्यापुढं आसं म्हणतेत का?”

“दिव्याला म्हायती हाय, आप्पा,” नागूबाई हळूच म्हणाली. “रोज मीच लावते की. रिकाम्या दुकानातच लावते.”

अंकुशरावांनी पायरीवर चपला काढल्या, गुडघ्यांवर हात ठेवून खाली वाकले आणि माझ्यावर टेकले. टोपी काढून हातात फिरवू लागले.

“माझं बी न्हाई चालत,” ते म्हणाले. “लोक तयार कपडे घ्यायलेत. माझ्या कापडाच्या ठाणांना उंदीर लागलेत.”

“मग दिवाळीला नवा बोर्ड कामून लावलाव, आप्पा? लाईटवाला?” इरप्पाने विचारले.

“तुमी समोर बसता ना. तुमाला दिसावं म्हणून.”

पहिल्यांदा कुणी हसले नाही. मग इरप्पाच्या नाकातून हसू फुटले. अंकुशरावही हसले, आणि हसता हसताच त्यांनी टोपीने डोळे पुसले. नागूबाई तेवढ्यापुरती उठून दिव्यात तेल घालू लागली. वडीलधाऱ्या माणसाचे डोळे पुसणे बघत बसू नये, म्हणून.

मित्रांनो, त्या संध्याकाळी कुणाचा धंदा सुधारला नाही. दोर नायलॉनचेच राहिले, ठाणांना उंदीर लागायचे ते लागलेच. पण इरप्पाने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि तो चावला, नीट, चवीने. किती दिवसांनी, ते नागूबाईलाच ठाऊक.

मग ती उठली. “विजयश्रीला बोलवून आणते. तिला तुमी सांगायचं. मी न्हाई सांगणार.”

विजयश्री आली. तिलाही माझ्यावर बसवले. इरप्पाने खाली मान घालून सांगितले. व्यंकट बरा आहे, कुठे आहे, आणि तुम्ही विचारलेत त्या दिवशी मला माहीत होते. ती रागावेल असे मला वाटले. तिने माझी एक दशी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“मला रोज वाटायचं, कुठल्या तरी विहिरीपाशी लोक जमलेत म्हणून कुणीतरी सांगत येईल,” ती म्हणाली.

“उद्याची जीप हाय,” इरप्पा म्हणाला. “मी जातो त्याच्याकडं. फाटकावर ऱ्हायला न्हाई, त्याला भेटाया. तुमाला शब्द देतो वैनी, त्याच्यापाशी बसल्याबिगर परत येणार न्हाई.”

“घरी चला म्हणून वढू नका त्यांना.”

“न्हाई वढत.”

“आन् दुकान कामून सोडलाव, आसं बी इचारू नका. आधी तुमचं सांगा. तुमचं ऐकलं तर ते बोलतील.”

इरप्पाने “व्हय” म्हटले. माझ्यावर बसून म्हटले.

आता सोमवारची सकाळ आहे. जीप यायला अजून थोडा वेळ आहे, तेवढ्यात तुम्हाला हे सांगून घेतले. माझ्यासारखी एखादी घोंगडी तुमच्या घरात असेल, तर तिला माळ्यावर कोंबून ठेवू नका. वर्षातून एकदा कडक ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घडीत ठेवा, कसर लागली तर वेळीच झटका. आणि तुमच्या घरात कुणी दुकान चालवत असेल, गाडा लावत असेल, मशीनवर बसत असेल, तर संध्याकाळी ते घरी आल्यावर त्यांच्याजवळ जरा टेका. ‘कसं चाललंय’ विचारून उठू नका. ते ‘बरं हाय’ म्हणतील. तरी बसून राहा. पाणी द्या, गप्प बसा. बोलायला माणसाला वेळ लागतो. माझ्या मालकाला कितीतरी वर्षे लागली. लहान मुलाने शेजारी बसावे, एवढ्यानेही कधी कधी मोठ्या माणसाचे तोंड उघडते. देवापुढे दिवा लावतो तसा हा एक नेम ठेवा. याला तेलवातही लागत नाही.

नागूबाई पिंपळाला पाणी घालून आली आहे. तिने डबा बांधला, त्यात व्यंकटसाठी चार भाकरी जास्त घातल्या. विजयश्रीने कागदात गुंडाळून शेंगांची चटणी दिली आहे.

“तिथं बसाया काय न्याल?” नागूबाईने विचारले.

इरप्पाने गादीवरून मला उचलले, झटकले आणि खांद्यावर टाकले. दुकानाची किल्ली तिच्या हातात दिली. “बाजाराच्या दिवसापतूर येतो. दुकानाचं काय करायचं ते आल्यावर बसून बघू.”

“सावकाश या,” ती म्हणाली.

समोर अंकुशराव दुकान झाडत होते. त्यांनी विचारले नाही, फक्त झाडू धरलेला हात वर केला. इरप्पाने मला खांद्यावर नीट सारले आणि तो जीप थांबते त्या कोपऱ्याकडे चालू लागला.